अनुभवाचं मानधन

नांदेड,
१२ जुलै २००९

ती. उमाताई,

पत्ता जुनाच घातला आहे. घर बदललं असेल तरी उदगीरच्या मोंढ्यात भाऊजींना सगळे ओळखतात, पत्र पोचेल असं धरून चालतो. बालगृहातून बाहेर पडल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. रागाने लिहीत नाही, हे आधी सांगून टाकतो. तीन वेळा कच्चं लिहून मग हे पक्कं लिहिलं आहे.

मी नांदेडला मुज्तबाभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो. क्लासवाल्यांच्या नोट्स असतात. माझं दहावीचं गणित राहिलं ते राहिलंच, पण डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचं जीवशास्त्र माझ्या हाताखालून जातं. एखाद्या शब्दाची वेलांटी चुकीची छापून गेली की मला दिवसभर घास गोड लागत नाही. मुज्तबाभाई म्हणतात, "आरे, पोरगं पेशंटला मारंल ते इंजेक्शन चुकवून, वेलांटी चुकवून न्हाई."

आता पत्राचं कारण. इथे एका विश्वस्त संस्थेने बालगृहांवर देखरेख ठेवायला मंडळ नेमलं आहे. एक डॉक्टर बाई अध्यक्ष आहेत, सिद्धेश्वर नावाचे वकील आहेत, आणखी दोघे-तिघे आहेत. एक जागा बालगृहात वाढलेल्या माणसासाठी ठेवली आहे आणि ती मला मिळाली. त्या जागेला मानधन आहे. बैठकीला पाचशे रुपये, एसटीचं भाडं वेगळं. बाकीच्यांना फक्त चहा.

दुकानात सांगितलं तर मुज्तबाभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "लोक डिग्रीचे पैसे घेतात, तू अनाथपणाचे घेऊन राहिला! नशीबवान हाय बाबा." मी हसलो. पण त्या दिवशी एक सबंध पान दोनदा टाइप केलं.

पहिल्याच बैठकीत वकीलसाहेब म्हणाले, "आम्ही सेवा म्हणून यायचं आणि यांना मात्र फी?" डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुम्ही आज कोर्टात गेला नाहीत तर तुमच्या घरची चूल थांबत नाही. हा दुकानात गेला नाही तर याचा रोज कापतात. फुकट बोलवायचं म्हटलं तर या खुर्चीवर फक्त खाऊन-पिऊन सुखी असलेला माणूस येईल. त्याला काय विचारायचं?"

वकीलसाहेब माणूस वाईट नाही. हसून म्हणाले, "बरं बाई. मग मन्मथराव, बोला आता पाचशे रुपयांचं काहीतरी."

सगळे हसले. मला मात्र ते लागून राहिलं. पैसे घ्यायचे आणि मुकाट बसायचं, हे मला जमण्यासारखं नाही. म्हणून आता प्रत्येक बैठकीला काय बोलायचं ते मी आधी ठरवून जातो.

तुला एकच विचारायचं आहे. तू मला न्यायला आली होतीस ते साल ९७ की ९८? मंडळापुढे कधी सांगावं लागलं तर चुकीचं जायला नको.

मन्मथ


नांदेड,
३० ऑगस्ट २००९

ती. उमाताई,

तुझं उत्तर नाही. पावसात पोस्ट मागेपुढे होतं. मी साल ९७ धरून सांगितलं.

कुठे सांगितलं, ते लिहितो. इथल्या एका बालगृहात ऋतुजा नावाची मुलगी आहे. नऊ वर्षांची, मुदखेडकडची. आई-वडील नाहीत. दोन वर्षांपासून बालगृहात. आता तिचे चुलते शेषेराव तिला मागायला आले आहेत. गावाकडं जमीन आहे, पण ती बटईने देऊन ते लातूरला गेलेत आणि क्लासच्या पोरांसाठी मेस चालवतात. पांढरा शर्ट, बोलणं नरम. म्हणाले, "घरची लेक सरकारी ताटात जेवती, अन आमी परक्याच्या पोरांला जेवू घालून राहिलो. लोक तोंडावर बोलतात साहेब."

ऋतुजाला मंडळापुढे बोलावलं. ती म्हणाली, "मला इथं बरं वाटतं. इथंच ऱ्हायचंय."

डॉक्टर बाई मला म्हणाल्या, तुम्ही एकट्याने बोलून बघा, आम्हाला कळणार नाही ते तुम्हाला कळेल. आम्ही हौदाच्या कट्ट्यावर बसलो. तिने माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी सायेब हाव का?"

"नाही गं."

"मंग खिशाला दोन पेन कशाला?"

"एक बंद पडला तर?"

तिला ते पटलं. मी सांगितलं की मीसुद्धा अशाच बालगृहात वाढलो, लातूरला. भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गणपतीसाठी ताईच्या सासरी उदगीरला आलो होतो म्हणून वाचलो. आई, आप्पा आणि धाकटा गावाकडंच राहिले.

"मंग ताईनं का ठिवलं न्हाई?"

"ठेवलं होतं तीन महिने. मग तिच्या सासऱ्यांनी बालगृहात घातलं."

"परत न्यायला आली न्हाई?"

"आली होती."

"मंग?"

मी विषय बदलला. तिला विचारलं, काकाकडं का जायचं नाही? खांदे उडवून म्हणाली, "मला हितंच बरं वाटतं. बेगमबी हाय. शाळा हाय. काकू मला बोलतच न्हाई." बेगमबी म्हणजे तिथल्या स्वयंपाकीण बाई.

ताई, ते वाक्य मला पाठ होतं. तुला आठवत असेल. अधीक्षकांची खोली, तू हिरव्या लुगड्यात, कडेवर बाळ. तू म्हणालीस, "मन्मथ, येतोस का रे माझ्यासंगं? आता मामंजी न्हाईत. कुणी काही म्हणत न्हाई." आणि मी भिंतीकडं बघून म्हणालो, "मला इथं बरं वाटतं." बाहेरचं कुणी आलं की असंच म्हणायचं, हे आमच्याकडून घटवून घेतलेलं होतं. पाहुणे, देणगीदार, तपासणीचे साहेब, सगळ्यांना तेच. तोंडातून आपोआप यायचं. मला वाटलं तू अजून एकदा विचारशील. तू पदराने तोंड पुसलंस आणि गेलीस.

हे सगळं मी मंडळाला सांगितलं. म्हणालो, "बालगृहातलं पोर 'बरं वाटतं' म्हणतं ते खरं नसतं. मी म्हणालो होतो. माझ्या बहिणीने ते खरं मानलं आणि माझी पुढची आठ वर्षं गेली. या मुलीचं तसं करू नका. रक्ताचं माणूस दारात आलंय."

डॉक्टर बाईंचे डोळे भरले होते. मत देणं एवढंच आमचं काम, पुढचा आदेश वरून निघतो, पण मुलगी चुलत्यांकडे द्यावी असं मंडळाचं मत एकमताने गेलं. बाहेर पडताना वकीलसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "माझं त्या दिवशीचं बोलणं मागे घेतो. हे आम्हाला कुणालाच सुचलं नसतं."

गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तुला हे कळावं असं वाटलं, म्हणून लिहिलं.

मन्मथ


नांदेड,
८ नोव्हेंबर २००९

ती. उमाताई,

कार्ड मिळालं. अक्षर तुझ्या मुलीचं दिसतं, चांगलं वळणदार आहे. तिने लिहिलंय: "आई म्हणते साल ९७च. तुझ्यासाठी चप्पल आणली होती, अंदाजाने मोठी घेतली होती. तू बरं आहे म्हणालास म्हणून पिशवीतून काढलीच नाही. घरी नेऊन कुणाला दिलीही नाही बरेच दिवस."

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू एक पिशवी पायाशी धरून बसली होतीस, ते मला आठवतंय. त्यात बाळाचे कपडे असतील असं मला वाटायचं.

आधी याच्यावरच सगळं लिहायचं ठरवलं होतं. पण दुसरं एक घडलं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं हे कळत नाही.

गेल्या आठवड्यात क्लासच्या नोट्सचे गठ्ठे घेऊन लातूरला गेलो होतो. आदेश निघून ऋतुजा चुलत्यांकडे गेली होती; गठ्ठे उतरवल्यावर वाटलं, तिला भेटून जावं. तिच्यासाठी एक चित्रकलेची वही आणि रंग घेतले. शेषेरावांची मेस क्लासच्या गल्लीत आहे, वर पोरांच्या खोल्या, खाली जेवणाचं. कुणीही सांगतं. दुपारची वेळ होती, पोरं रांगेने बसली होती, एका हातात पुस्तक आणि एका हातात घास.

ऋतुजा मागच्या मोरीत होती. तिच्यापुढे ताटांची चळत तिच्या खांद्याएवढी. मला बघून ती उठली नाही. हात पाण्यातच ठेवले.

"शाळा नाही का आज?"

"नाव घातलंय."

"मग जात नाहीस?"

"संध्याकाळचे डबे असत्यात."

तेवढ्यात तिची काकू गुणाबाई आली. बाई दांडगी, पण थकलेली. "कोण हाव? बालगृहाचे का? बसा की, जेवून जा." मी म्हणालो, मुलीला शाळेत पाठवायचं कबूल केलं होतं. ती ओल्या हाताने कपाळ पुसत म्हणाली, "माझ्या दोन लेकी पण ह्याच मोरीत बसल्या दादा, लग्न होईस्तोर. मी पण बसते. ही काय वरून पडली का? आमी मारत न्हाई, उपाशी ठिवत न्हाई. तिला काय कमी हाय ते तिलाच विचारा."

ऋतुजाने हात बाहेर काढले तेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या दिसल्या, भांड्यांच्या पावडरीने. वही आणि रंग तिने घेतले नाहीत. म्हणाली, "भिजतील."

आणि मग अगदी हळू, काकूला ऐकू जाणार नाही असं, "मी तुमाला सांगितलं होतं."

एवढंच. रडली नाही. नांदेडला परतल्यावर मी बालगृहात जाऊन बेगमबींना विचारलं, की जाताना तिने काही त्रास दिला होता का. त्या म्हणाल्या, "न्हाई रे बेटा. रडली बी न्हाई. मला वाटलं खुश हाय. मी तर तिच्या हातात लाडू दिला अन म्हणलं, जा अपने लोगों में."

ताई, आम्ही बालगृहातली पोरं कधीच रडत नव्हतो. हे मला माहीत होतं. ज्यासाठी मला तिथे बसवलं होतं, ते हेच.

मन्मथ


नांदेड,
१७ जानेवारी २०१०

ती. उमाताई,

मंडळाकडे मी सलग तीन अर्ज केले. शेवटी डॉक्टर बाई आणि वकीलसाहेब माझ्याबरोबर लातूरला आले. तिने परत यायचं म्हटलं असतं, तर आदेश फिरवून घेण्याची खटपट करायचं बाईंनी कबूल केलं होतं. मी रस्ताभर तेच घोकत होतो. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या, "मन्मथ, घाम पुसा. आपण तिला घेऊनच येऊ."

बाईंनी काळजी घेतली. शेषेरावांना बाहेर पाठवलं, गुणाबाईंना वरच्या मजल्यावर. जिन्याखाली आम्ही तिघे आणि ऋतुजा, आणखी कुणी नाही. बाई तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "बाळ, तुला बालगृहात परत यायचंय का? तू हो म्हणालीस तर आम्ही बघू. तुला कुणी रागावणार नाही."

ऋतुजाने आधी बाईंकडं बघितलं, मग वकिलांकडं. माझ्याकडं बघितलं नाही.

"मला इथं बरं वाटतं."

बाई म्हणाल्या, "भिऊ नको."

"भीत न्हाई. बरं वाटतं."

मी मध्ये पडलो. म्हणालो, "हे खरं नाही. बाई, हात बघा तिचे. ती हे आपल्याला बोलायचं म्हणून बोलतेय."

मग वकीलसाहेब म्हणाले, आणि ताई, त्यांच्या आवाजात जराही टोचणी नव्हती, "मन्मथराव, बालगृहात 'बरं वाटतं' म्हणाली तेव्हा तुम्ही म्हणालात ते खरं नाही. इथे म्हणतेय तेही खरं नाही. मग तिने बोलावं तरी काय?"

ती भीतीने बोलली, की रागाने, की तिला खरंच आता कुठेही सारखंच, हे मला कळत नाही. ताई, मला कळत नाही. आणि मला कळतं म्हणूनच ते मला पैसे देतात.

बाईंनी शेषेरावांकडून शाळेचं लिहून घेतलं. रोज सकाळी शाळा, त्यानंतर काम. शेषेराव म्हणाले, "हाव, हाव, लिवा." निघताना ऋतुजा ताटं पुसत होती. मी "येतो" म्हणालो. तिने मान हलवली, गिऱ्हाइकाला हलवतात तशी.

मन्मथ


नांदेड,
२१ फेब्रुवारी २०१०

ती. उमाताई,

थोडक्यात लिहितो. कालच्या बैठकीत माझ्या मानधनाचा विषय निघाला. वकीलसाहेबांनीच काढला. म्हणाले, "याच्यावर माझा राग नाही. पण पैसे दिले म्हणून हा बोलला. नसते दिले तर कदाचित 'मला माहीत नाही' म्हणाला असता, आणि पोरगी आज इथे असती."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी या वेळी काही ठरवून गेलो नव्हतो. म्हणालो, "साहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पैसे बंद केलेत तर मी येऊ शकणार नाही, आणि मग तुम्ही सगळे अंदाजाने ठरवाल. 'माहीत नाही' म्हणायचेही पैसे मिळतात, एवढं मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मग म्हणालो की खुर्च्या दोन करा. बालगृहातून आलेला एकच माणूस बसवला की त्याचंच बालपण सगळ्या पोरांचं ठरतं. आमच्या लातूरच्या बालगृहात माझ्या दोन वर्षं पुढे नागुबाई म्हणून एक होती, ती सुट्टीत मामाकडं पाठवतील म्हणून कोळशाच्या खोलीत लपून बसायची. तिला बोलवा. तिलाही पाचशे द्या. आम्ही दोघं भांडू, मग तुम्ही ठरवा.

मंजूर झालं. डॉक्टर बाईंनी स्वतः इतिवृत्तात लिहिलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. पुढच्या पोरांसाठी चांगलंच झालं.

मन्मथ


लातूर,
१८ एप्रिल २०१०

ती. उमाताई,

वरचं गाव बघून तुला नवल वाटेल. मी लातूरला आलो आहे. मुज्तबाभाईंना म्हणालो, इथल्या क्लासवाल्यांचं काम इथेच बसून करतो. ते म्हणाले, "करमत न्हाई का नांदेडात? का कुणी बघून ठिवली?" मग माझं तोंड बघितलं. जुना कॉम्प्युटर दिला आणि जाताना पाठीवर एक थाप मारली. मंडळाच्या बैठकीला महिन्यातून एकदा नांदेडला जातो.

जेवण मी शेषेरावांच्या मेसमध्ये लावलं आहे, दोन्ही वेळचं. मंडळाचं मानधन त्याच गल्ल्यात जातं. पहिल्या दिवशी शेषेराव जरा बिचकले. मी म्हणालो, तपासणीला नाही, जेवायला आलोय. आता सवय झाली आहे. गुणाबाई मला "नांदेडवाले" म्हणते आणि वरण थोडं जास्त घालते.

ऋतुजा शाळेत जाते, रोज नाही, पण जाते. उन्हाळ्याची सुट्टी लागेल, मग काय होईल ते दिसेलच. वाढायला आता तीच असते. मी तिला काही विचारत नाही. कशी आहेस, हेही नाही. पोरं तिला हाका मारतात, "ए ऋतू, पोळी," "ए ऋतू, पाणी," आणि ती त्यांना उलट बोलते, "चार हात हायेत का मला?" सगळे हसतात. मीही हसतो. माझ्या ताटापाशी आली की मात्र ती गप्प होते.

तू उन्हाळ्यात बोलावलं आहेस. येईन, पण इतक्यात नाही. दोन दिवस जरी इथून गेलो तर तिला वाटेल हाही गेला. किंवा काहीच वाटणार नाही. दोन्हीतलं कुठलं, ते मी आता ठरवत नाही.

काल मोठी गर्दी होती. परीक्षा जवळ आल्यामुळे पोरं भराभर जेवून उठत होती. ऋतुजा भाताचं पातेलं घेऊन रांगेतून आली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "भात?"

भूक होती. तरी सवयीने तोंडातून "नको" गेलं.

तिने परत विचारलं नाही. पुढच्या ताटाकडं गेली.

मन्मथ